पंडिता रमाबाई : साक्ष, सहवास आणि भाषा

१

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांच्या चरित्राची मराठीतील चर्चा बहुधा धर्मांतर ह्या एकाच घटनेभोवती फिरत राहिलेली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो का घेतला, कोणाच्या प्रभावाखाली घेतला, तो घेतला नसता तर महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास कसा घडला असता, हे प्रश्न शतकभर पुनःपुन्हा विचारले गेले. त्यामुळे धर्मांतरानंतरची अडतीस वर्षे ही जणू त्या एका दिवसाची पुरवणी ठरली. काही चरित्रकारांनी समाजसुधारक रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई अशी विभागणी करून पहिलीचा गौरव केला आणि दुसरीविषयी मौन पाळले. ख्रिस्ती चरित्रकारांनी नेमके उलट केले.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा व काहीसा मर्यादित आहे. रमाबाई ह्या दीक्षित धर्मोपदेशक नव्हत्या. कोणत्याही मिशनच्या पगारी प्रचारक नव्हत्या. एखाद्या पंथाच्या शिस्तीतही त्या फार काळ बसल्या नाहीत. पुण्यासारख्या, धर्माच्या बाबतीत अतिशय जागरूक नगरात घर चालवणारी, मुली सांभाळणारी, स्वयंपाकाची आणि हिशेबाची व्यवस्था पाहणारी ही स्त्री होती. अशा स्त्रीने आपली श्रद्धा शेजारच्या माणसांपुढे कशी ठेवावी? प्रवचन देऊन, वाद घालून, की केवळ सोबत राहून? आणि सोबत राहणे हेच प्रचाराचे साधन ठरले, तर दिलेल्या शब्दाचे काय? १८९३ च्या पुण्यात ह्या प्रश्नाने दोन डझन मुलींचे शिक्षण थांबवले आणि महाराष्ट्रातील काही अत्यंत सज्जन माणसांना रमाबाईंपासून दूर केले. रमाबाईंच्या भाषेत पुढे जो पालट दिसतो त्याची मुळेही, प्रस्तुत लेखकाच्या मते, ह्याच प्रश्नात आहेत.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. पत्नीस संस्कृत शिकवण्याच्या हट्टापायी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे दारिद्र्य आले आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करीत पुराणे सांगत फिरू लागले. रमाबाईंचे शिक्षण ह्या भटकंतीत आईच्या तोंडून झाले. देवळाच्या ओसरीवर किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोत्यांनी समोर ठेवलेल्या धान्यावर गुजराण करावी, अर्थ न कळणाऱ्यांनीही केवळ ऐकल्याने पुण्य लाभते असे समजावे, ही त्या वृत्तीची रीत होती. शब्द आणि श्रोता ह्यांच्यातील हे नाते रमाबाईंनी बालपणापासून आतून पाहिले. पुढे त्यांनी ते ज्या कठोरपणे नाकारले त्याचे कारण हे की त्यांना ते पुरते ठाऊक होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मसमाजाच्या सहवासाने दोघांचाही रूढ धर्मावरील विश्वास उडालेला होता. आसामातील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि त्या गावी असलेल्या ॲलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकाची ओळख करून दिली. ख्रिस्ती होण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली तेव्हा मोकळ्या विचारांच्या पतीसही ते रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

त्याच वर्षी प्रार्थनासमाजातील मंडळींच्या बोलावण्यावरून रमाबाई पुण्यास आल्या. घरोघरी त्यांची पुराणे आणि व्याख्याने होऊ लागली. त्या सभांनी मोठ्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया कशा अस्वस्थ झाल्या ह्याचे चित्र रमाबाई रानडे ह्यांच्या आठवणींत आहे. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले, हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. हे सारे एका वर्षात घडले. ह्या काळातील रमाबाईंची मराठी ‘स्त्रीधर्मनीति’त पाहावी. संस्कृत समासांनी जड झालेली, वरून खाली उपदेश करणारी, पुराणिकाच्या व्यासपीठावरून उतरलेली ती भाषा आहे. ज्या स्त्रियांस उद्देशून पुस्तक लिहिले त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना ती वाचता आली नसती, हे त्या पुस्तकाचे वैगुण्य लेखिकेस तेव्हा जाणवले असेल असे दिसत नाही.

पुण्यातच मिस हरफर्ड ह्यांच्याकडे त्या इंग्रजी आणि मराठी नवा करार शिकत होत्या. पंचहौद येथील वाँटेजच्या भगिनी आणि फादर नेहेम्या गोरे ह्यांच्याशी परिचय झाला तोही येथेच. मूळचे नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे षड्दर्शनांचे पंडित. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले होते. रमाबाईंच्या बुद्धीवर गोरे ह्यांच्या युक्तिवादाचा परिणाम झाला हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. परंतु त्यांच्या मनाचा निर्णय युक्तिवादाने झाला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर लंडनमधील फुलम येथे पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांची मायेने शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि ह्या वागण्याचे कारण विचारले असता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. आधी वागणे दिसले, मग कारण विचारले गेले, मग कथा आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. रमाबाईंना श्रद्धा ज्या वाटेने मिळाली तीच वाट पुढे त्यांनी इतरांसाठी धरली.

३

बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई आज्ञाधारक झाल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता होत्या. दोघींमधील पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात ईश्वराच्या त्रैक्यावर वाद आहे, चर्चच्या अधिकारावर वाद आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने किरकोळ वाटणारे वाद अधिक बोलके आहेत. रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि अंडी घातलेले पदार्थ नाकारीत, ह्यात जेराल्डीनबाईंना जातीचा अभिमान दिसला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असावीत हे रमाबाईंना पटेना; हिंदुस्थानातल्या माणसास समजतील अशी संस्कृत अक्षरे त्यांना हवी होती. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही ह्यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हाही त्यांनी आपले मत ठामपणे मांडले.

ताटातला पदार्थ आणि गळ्यातला दागिना ह्यांवरचे हे वाद वरवर पाहता क्षुल्लक आहेत. तथापि त्यांमागील भूमिका स्पष्ट आहे. ख्रिस्तावरील श्रद्धा ही आपल्या समाजापासून तुटण्याची खूण होऊ नये, अशी रमाबाईंची धारणा होती. वेष, आहार आणि भाषा परकी झाली की शेजारी आपले म्हणणे ऐकण्यापूर्वीच पाठ फिरवतो, हे ज्ञान त्यांना कोणत्याही मिशनरी पाठ्यपुस्तकातून मिळालेले नव्हते. पुण्यातील ख्रिस्तेतर स्नेह्यांपैकी ज्यांनी धर्मांतरानंतरही त्यांची जाहीर पाठराखण केली त्यांत जोतीराव फुले अग्रभागी होते. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून त्यांनी ती केली. मात्र सोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी बाप्तिस्म्याच्या थोडे आधी आत्महत्या केली होती, ही गोष्टही विसरून चालणार नाही. धर्म बदलण्याच्या नुसत्या शक्यतेचा भार एखाद्या एकाकी स्त्रीच्या मनावर किती पडू शकतो हे रमाबाईंनी तेव्हाच पाहिले होते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ह्या संस्थेत अनेक ख्रिस्ती पंथांचे लोक होते, आणि विधवांसाठी काढावयाच्या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही ही अट सर्वांनी मान्य केलेली होती. ही अट रमाबाईंवर लादलेली नव्हती. हिंदू विधवा शाळेत यावयाच्या तर दुसरा मार्ग नाही, हे त्यांनीच ओळखले होते.

४

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले. हा मुहूर्त लक्षणीय आहे. त्याआधीच्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींनी चहाबिस्किटे घेतली होती, आणि गोपाळराव जोशी ह्यांनी ती बातमी फोडल्यावर शहरात ग्रामण्याची चर्चा सुरू झाली होती. मिशनऱ्याच्या घरचा एक पेला चहा जेथे शंकराचार्यांपर्यंत जातो, त्या शहरात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांचे वसतिगृह घेऊन आली. पुढल्याच वर्षी संमतिवयाच्या विधेयकाने वातावरण आणखी तापले. सदनाच्या वाट्याला आलेला संशय ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तो केवळ टिळकांच्या लेखणीतून निघाला असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही.

सदनात सोवळ्याओवळ्याचे नियम पाळू इच्छिणाऱ्या मुलींसाठी तशी व्यवस्था होती. व्रते, उपवास, पूजा ह्यांना मज्जाव नव्हता. वर्गात बायबल शिकवले जात नव्हते. रमाबाई मात्र त्याच घरात राहत होत्या. सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन त्या बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. त्या वेळी खोलीचे दार त्या बंद करीत नसत. घरातील इतर दारांप्रमाणे तेही उघडे असे. काही मुली दारापाशी येऊन उभ्या राहू लागल्या, काही आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि घालवूनही दिले नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती साक्षीच्या इतिहासात ह्या उघड्या दाराइतका चर्चिला गेलेला प्रसंग दुसरा क्वचितच असेल. ‘केसरी’ने त्यावर टीकेची झोड उठवली. ह्या वादाला पहिले इंधन मात्र मित्रांकडूनच मिळाले होते. १८८९ च्या अखेरीस अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातील मुली ख्रिस्ताकडे वळत असल्याचे उत्साहाने छापले, आणि तोच मजकूर पुण्यात पुरावा म्हणून पुढे आला. देणगीदारांना उद्देशून लिहिलेला मजकूर शेजाऱ्यांच्या हाती पडला की काय होते ह्याचा हा नमुना होय. रमाबाईंचे मौन जे साधत होते ते त्यांच्या हितचिंतकांच्या बोलकेपणाने बिघडवले.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर ह्यांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि सदनाशी असलेला संबंध तोडला. पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. बॉस्टनच्या समितीच्या वतीने ज्युडिथ अँड्र्यूज ह्यांनी प्रत्यक्ष येऊन परिस्थिती पाहिली आणि समितीने रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट तोलावयास हवे. रमाबाईंची बाजू अशी, की शाळेत धर्म शिकवणार नाही असे त्यांनी कबूल केले होते. स्वतःचा धर्म लपवून ठेवीन असे कबूल केलेले नव्हते. हिंदू मुलींना हिंदू राहण्याचे स्वातंत्र्य असेल तर घरमालकिणीला ख्रिस्ती राहण्याचे स्वातंत्र्य का नसावे? आपल्याच घरात चोरट्यासारखी दार लावून प्रार्थना करणे म्हणजे काही लज्जास्पद चालले आहे अशी कबुली देणे, असे त्यांना वाटत होते. ह्या युक्तिवादात बळ आहे. गोदूबाई चार वर्षे त्याच घरात राहिल्या आणि हिंदू म्हणूनच बाहेर पडल्या, हे तर वस्तुस्थितीचे उत्तर आहे.

परंतु रानडे-भांडारकरांचे म्हणणेही निव्वळ भित्रेपणाचे नव्हते. ही दोन्ही माणसे एकेश्वरवादी, प्रार्थनेची महती जाणणारी, रमाबाईंच्या सद्हेतूविषयी खात्री असलेली होती. त्यांची अडचण हेतूविषयी नव्हती, परिणामाविषयी होती. केशवपन झालेली, घरी अपशकुनी ठरलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. तिच्याशी आयुष्यात प्रथमच मायेने बोलणारी, तिला जवळ घेणारी, विद्वान आणि तेजस्वी अशी स्त्री. ह्या दोघींमध्ये कसलाही उपदेश झाला नाही तरी मुलीचे मन त्या स्त्रीच्या देवाकडे ओढले जाणार. पालकांनी मुलगी सोपवली ती तटस्थतेच्या हमीवर. शब्दशः हमी पाळली गेली असेल. पण जी व्यक्ती इतकी प्रभावी आहे तिच्या घरात तटस्थता शक्य तरी होती का? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की रमाबाईंनी वचनभंग केला नाही, परंतु जे वचन पाळता येण्यासारखे नव्हते ते त्यांनी दिले. आपली श्रद्धा आपल्या वागण्यातून वेगळी काढता येत नाही हे १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांना पुरते कळलेले नसावे.

कारण दरम्यानच्या काळात त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतही पालट घडला होता. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला पण ख्रिस्त अद्याप आपल्याला लाभलेला नाही, अशी जाणीव त्यांना झाली, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. तोवर ख्रिस्ती मत हे त्यांच्या बुद्धीने पत्करलेले मत होते. ह्यापुढे ते त्यांच्या दिवसाचा श्वासोच्छ्वास झाले. बौद्धिक मत खोलीबाहेर ठेवता येते. दिनचर्या झालेली श्रद्धा ठेवता येत नाही. सल्लागार मंडळींनी १८८९ मध्ये ज्या रमाबाईंशी करार केला होता आणि १८९३ मध्ये ज्या रमाबाईंशी त्यांचे बिनसले, त्यांच्यात हे अंतर पडलेले होते.

१८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि पुण्याच्या दृष्टीने प्रश्न निकालात निघाला. पुढल्याच वर्षी कर्वे ह्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या घरात गोदूबाई शिकल्या त्या घराचा कित्ता हिंदू समाजाच्या विश्वासास उतरेल अशा रीतीने गिरवण्याची निकड त्यामागे होती. शारदासदनाचा पुण्यातील वारसा कोणता, असे विचारल्यास हिंगण्याच्या आश्रमाचे नाव आधी घ्यावे लागते.

५

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या मुली पाहून त्यांना स्वतःची १८७४ ची आठवण झाली नसती तरच नवल. तीनशेच्या आसपास मुली-स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेग होता. इतक्या मुली शहरात ठेवू देण्यास अधिकारी तयार नव्हते. तेव्हा पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या शंभर एकर जमिनीवर वस्ती हलली. बॉस्टनच्या दहा वर्षांच्या मदतीनंतर उत्पन्न मिळावे म्हणून ही जमीन घेतलेली होती. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. (प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली आणि सरकारचा रोष पत्करला, हे येथे नमूद करावयास हवे. ख्रिस्ती झाल्याने त्या सरकारच्या आश्रित झाल्या असे मानणाऱ्यांना हे पत्र सहसा आठवत नाही.)

केडगावी तटस्थतेचा करार उरला नव्हता. मुक्तिसदन हे उघडपणे ख्रिस्ती गाव होते. चरित्रकारांनी ह्या टप्प्याचे वर्णन विजयाच्या सुरात केलेले आहे. परंतु पुण्याच्या उघड्या दाराशी त्याची तुलना केली म्हणजे एक प्रश्न टाळता येत नाही. पुण्यातील मुलीला दारातून आत न येण्याची मुभा होती. तिच्यामागे पालक होते, शहर होते, वर्तमानपत्रे होती. उपासमारीतून उचलून आणलेल्या मुलीला दाराबाहेर जाण्यास जागाच नव्हती. तिची श्रद्धा खरी नव्हती असे म्हणण्याचा कोणास अधिकार नाही. पण ती मुक्तपणे निवडलेली होती की अन्नदात्रीविषयीच्या कृतज्ञतेतून उपजलेली, हे बाहेरच्याने सांगणे कठीण आहे. जेथे देणारी आणि घेणारी समान पातळीवर नसतात तेथे सहवासाची साक्ष आणि आश्रयाचा दबाव ह्यांतील सीमारेषा पुसट होते. रमाबाईंच्या टीकाकारांनी १८९३ मध्ये उपस्थित केलेला आक्षेप पुण्यापेक्षा केडगावला अधिक लागू पडतो, आणि तोवर टीकाकारांचे लक्ष तेथून उडालेले होते.

असे असले तरी केडगावची खरी नवलाई वेगळ्याच ठिकाणी आहे. शेती, विहिरी, विणकाम, दुग्धालय, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून ती तेथे आणली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, आणि फुलममध्ये पाहिलेल्या दृश्याचे ते मराठी रूप होते. जानेवारी १९०५ मध्ये सुमारे ७० जणींनी नित्य प्रार्थनेसाठी जमण्यास सुरुवात केली. जूनपर्यंत ती संख्या पाचशेवर गेली आणि त्यांतील स्त्रियांची पथके आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागली. ह्या काळातील भावनोत्कट प्रार्थनासभांविषयी देशोदेशी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते खेड्यांत जाणाऱ्या ह्या बायकांकडे. त्यांनी कोणत्याही धर्मविद्यालयात शिक्षण घेतले नव्हते. काही वर्षांपूर्वी त्यांना अक्षरओळखही नव्हती. विहिरीवर, शेताच्या बांधावर, बाजाराच्या वाटेवर दुसऱ्या बायकांशी बोलताना त्यांना जे शब्द हाताशी हवे होते ते तत्कालीन मराठी बायबलात त्यांना सापडत नव्हते.

६

रमाबाईंच्या वाङ्मयीन कार्याचा विचार येथून करावा लागतो. ‘स्त्रीधर्मनीति’नंतर सात वर्षांनी, १८८९ मध्ये, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. त्यातील गद्य मोकळे, प्रसंगी विनोदी, तुलना करणारे आणि वाचकाला बरोबरीच्या नात्याने वागवणारे आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याचे स्थान आता मान्य झाले आहे. मधल्या सात वर्षांत पुराणिकाचे व्यासपीठ सुटले होते. ह्यानंतरचा टप्पा म्हणजे बायबलचे भाषांतर. त्याकडे वाङ्मयाचे अभ्यासक धर्मकार्य म्हणून, आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक हौशी उपद्व्याप म्हणून, दुर्लक्ष करीत आले आहेत.

सेरामपूरचा मराठी नवा करार १८११ चा आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ चा. पुढे सुधारणा होत गेल्या, परंतु रमाबाईंच्या मते ते भाषांतर संस्कृतप्रचुर होते, शास्त्रीमंडळींच्या साहाय्याचा ठसा त्यावर होता, आणि त्यातील अनेक संज्ञा हिंदू दर्शनांतील अर्थ बरोबर घेऊन येत होत्या. खेड्यातील स्त्रीस ते समजत नव्हते. म्हणून पन्नाशीच्या आसपास असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम हाती घेतले. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असल्याची ख्याती लाभलेल्या बाईने आपला संस्कृत शब्दसंग्रह जाणीवपूर्वक बाजूस ठेवला.

हा निर्णय किती वेगळा होता हे इतर मराठी ख्रिस्ती लेखकांशी तुलना केल्यावर कळते. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तकथा सांगण्यासाठी पुराणाचा घाट आणि ओवी स्वीकारली. रमाबाईंचे समकालीन नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे संतांचे मार्ग धरले, ‘ख्रिस्तायन’ आरंभले आणि अखेरीस १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा देवाचा दरबार स्थापला. स्टीफन्स इंग्रज, टिळक कवी. पुराण सांगणाऱ्याच्या पोटी जन्मलेली आणि स्वतः पुराण सांगत वाढलेली तिघांत एकटी रमाबाई, आणि आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथासाठी पुराणाचा घाट नाकारणारीही तीच. परंपरेशी नाते जोडण्याचा टिळकांचा मार्ग अधिक रसिक होता व मराठी कवितेला त्याने अधिक दिले ह्यात शंका नाही. मात्र कीर्तनाला श्रोते लागतात, कीर्तनकार लागतो. दोन बायका दळताना किंवा पाणी भरताना जे बोलतात त्याला व्यासपीठ नसते. रमाबाईंना भाषा हवी होती ती ह्या बोलण्यासाठी.

भाषांतर म्हणून त्यात दोष आहेत. मूळ भाषांचे ज्ञान उतारवयात आणि बहुतांशी स्वप्रयत्नाने मिळवलेले. शब्दाला शब्द देण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी वाक्यरचना अवघडलेली. एकट्या व्यक्तीने केलेल्या भाषांतराला समितीच्या भाषांतराचा समतोल नसतो, तोही तेथे नाही. तरीही एका स्त्रीने केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर, ज्याची जुळणी आणि छपाई मुख्यतः दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांच्या हातून झाली, अशी घटना मराठी मुद्रणाच्या इतिहासात एकमेव आहे. कोणत्या संज्ञा रमाबाईंनी बदलल्या, त्यांच्या जागी कोणते देशी शब्द योजले, त्यांतील किती शब्द केडगाव परिसरातील बोलीतून आले, ह्याची तपशीलवार नोंद व्हावयास हवी. एखाद्या प्रबंधाला पुरेल एवढी सामग्री त्यात आहे.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंची श्रवणशक्ती फार कमी झाली होती. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला जवळ घेऊन पुण्यातील त्या खोलीत प्रार्थना होत असे आणि जिच्या हाती केडगाव सोपवायचे ठरले होते, ती आईच्या आधी गेली. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर छापून बाहेर पडले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. रमाबाईंच्या भाषांतराचे वाचक मुख्यतः केडगावी आणि तेथून लग्न होऊन, शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून, गावोगावी गेलेल्या स्त्रियांच्या घरांत होते.